शेळीफार्मची राखण: कुत्रा, गाढव, झटका तार की बंदिस्त गोठा?

शेळीफार्म उभा करताना बहुतेकांचा पैसा आधी शेताच्या चारही बाजूंच्या कुंपणात जातो. उरलेल्या पैशांत गोठा होतो आणि राखणीला कुत्र्याचं एखादं पिल्लू आणलं जातं. हा क्रम उलटा हवा, आणि त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. चौकोनी एक एकर जमिनीची धार, म्हणजे चारही बाजूंची मिळून लांबी, भरते सुमारे 835 फूट. 50 शेळ्यांना डोकी 12 चौरस फूट धरले तर 20 × 30 फुटांचा गोठा पुरतो, त्याची धार 100 फूट. बिबट्याला अडवेल असं कुंपण 835 फूट करणं कुणाच्याच आवाक्यात नाही. 100 फुटांचं मात्र करता येतं.

इंटरनेटवर राखणदार जनावरांची जी माहिती मिळते ती बरीचशी परदेशातल्या मेंढ्यांच्या आणि हरणांच्या फार्मची असते. न्यूझीलंडमध्ये लाल हरणांना सुमारे दोन मीटर उंच जाळी लावतात, अमेरिकेत लामा हे उंटाच्या कुळातलं जनावर राखणीला ठेवतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबर पाळताच येत नाहीत, लामा बाजारात नाही आणि बिबट्या त्यांच्या हिशेबात कुठेच नसतो. त्यामुळे तिथला सल्ला जशाचा तसा उचलू नये.

आधी ठरवा, येतं कोण?

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड, सिन्नर या उसाच्या पट्ट्यात प्रश्न बिबट्याचा असतो आणि तो मुख्यतः अंधार पडल्यावरचा. सोलापूर, बारामती-दौंडचा माळ, अहिल्यानगरचा दक्षिण भाग इथे लांडगा. तो दिवसाढवळ्या चरणाऱ्या कळपाच्या कडेचं करडू उचलतो. मोकाट कुत्री मात्र सगळीकडे आहेत. गावालगतच्या फार्मवर सगळ्यात जास्त भीती त्यांचीच.

| | बिबट्या | लांडगा | मोकाट कुत्री |
|---|---|---|---|
| राखणीचा कुत्रा | फक्त इशारा, स्वतःच बळी | जोडी असेल तर चांगला | चांगला |
| गाढव | उपयोग नाही | एकट्यादुकट्यावर, भरवसा कमी | कुत्री एक-दोनच असतील तर चालतं |
| चेनलिंक (विणलेल्या तारेची जाळी), 5 फूट | उडी मारून येतो | तळ पक्का असेल तर अडतो | तळ पक्का असेल तर अडतात |
| झटका तार (मशीनने विजेचा झटका देणारी) | भरवशाची नाही | चांगली | चांगली |
| छतासह बंद गोठा | हाच उपाय | रात्री पूर्ण | रात्री पूर्ण |

बंदिस्त गोठा

दहा फुटी भिंतसुद्धा बिबट्या चढून जातो, म्हणून वरून उघड्या वाड्याला अर्थ नाही. खाली तीन फूट वीटकाम, त्यावर छपरापर्यंत दोन इंचांपेक्षा मोठं भोक नसलेली वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी) किंवा चेनलिंक. जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाला लावा, म्हणजे धडक बसली की ती खांबावर दाबली जाते. आतून लावली तर फक्त बांधणीच्या तारांवर ताण येतो आणि त्याच तुटतात.

गोठा फुटतो तो बहुधा तीन ठिकाणी. भिंत आणि पत्रा यांच्यामधली हवेसाठी सोडलेली फट: ती मोकळी राहू द्या, पण जाळीने बंद. दुसरं, कौलं किंवा सिमेंटचे पत्रे: वजन पडलं की फुटतात, त्यामुळे खाली जाळीचं अस्तर हवंच. तिसरं दार. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं, म्हणजे बाहेरून ढकललं तर चौकटीवर आणखी घट्ट बसतं. कडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी, दाराखालची फट चार इंचांच्या आत. बिबट्या एकदा आत शिरला की शेळ्यांना पळायला जागा नसते, त्या सैरावैरा धावतात आणि तो एकावर थांबत नाही. म्हणून अर्धवट बंद गोठा हा उघड्या वाड्यापेक्षाही धोक्याचा.

कुत्रा

लांडगा आणि मोकाट कुत्र्यांच्या भागात एवढ्या कामाचं दुसरं जनावर नाही. फक्त कुठला कुत्रा, हे नीट बघा. कारवानी आणि मुधोळ ही शिकारी, पाठलागाची कुत्री. पळणाऱ्या करडामागे धावणं त्यांच्या रक्तात असतं. जर्मन शेफर्ड माणसाशी आणि घराशी बांधला जातो, कळपाशी नाही. जाड केसांची थंड प्रदेशातली कुत्री आपल्या एप्रिल-मेमध्ये सावली सोडत नाहीत. धनगरांच्या तळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांबरोबर वाढलेल्या कुत्र्यांचं पिल्लू मिळालं तर तेच घ्यावं, आणि आईबाप कळपात कसे वागतात ते स्वतः बघून घ्यावं.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असताना थेट गोठ्यात आणा, घरात नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात त्याला जाळीचा छोटा कप्पा करा, शेजारी चार-पाच शांत, पोक्त शेळ्या. सोळा आठवड्यांपर्यंत ज्यांच्या वासात ते वाढतं त्यांनाच ते आपलं मानतं. या काळात पोरांनी त्याला घरी नेऊन खेळवलं की कुत्रा आयुष्यभर ओट्याकडे बघत बसतो. सहा ते चौदा महिन्यांचा काळ सगळ्यात अवघड. अंगात ताकद असते, समज नसते. करडांचे कान ओढणं, अंगावर झेप घेणं सुरू होतं. तेव्हा त्याला करडांपासून वेगळं काढून मोठ्या बोकडांबरोबर ठेवा. एक-दोन ढुशा खाल्ल्या की तो शिकतो. दीड-दोन वर्षांआधी त्याच्या एकट्याच्या भरवशावर कळप सोडू नका.

एक कुत्रा हाक देतो, दोन कुत्री अडवतात. जोडी ठेवायचीच, पण एकाच वेळी दोन पिल्लं आणू नका. ती एकमेकांतच रमतात. पहिला तयार झाला की दुसरं. दोघांचं निर्बीजीकरण करा, नाहीतर माजाच्या दिवसांत कळप सोडून गावभर फिरतील. गळ्यात रुंद, बाहेरच्या अंगाला खिळे असलेला पट्टा घाला. लांडगा गळ्यालाच धरतो.

दुर्लक्षित राहते ती जंताची बाजू. कापलेल्या शेळीची आतडी, फुफ्फुसं, डोकं कच्चं कुत्र्याला घातलं की त्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात आणि शेळीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच बाजूला गोल फिरू लागते. तिला गिड म्हणतात. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून कच्चे अवयव बंद, मेलेलं जनावर आणि व्यायल्यानंतर पडलेली वार खोल पुरायची, आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे दर वर्षी.

बिबट्याच्या पट्ट्यात मात्र हे सगळं गणित बदलतं. अकोले परिसरात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. गोठ्याबाहेर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे तिथे आमिषच. तिथे कुत्रा ठेवायचा असेल तर रात्री शेळ्यांबरोबर जाळीच्या आत. भुंकून त्याने उठवलं, एवढंच त्याचं काम.

गाढव

गाढव राखणीला ठेवायची पद्धत बाहेरची, पण त्यामागचं कारण खरं आहे. कुत्र्याच्या जातीचं जनावर गाढवाला मुळात खपत नाही. ते ओरडतं, अंगावर धावतं, पुढच्या पायांनी तुडवतं. चारा वेगळा लागत नाही, शेळ्यांबरोबरच चरतं आणि कुत्र्यासारखं दोन वर्षं शिकवावं लागत नाही. मोकळ्या माळावर, नजरेच्या टप्प्यात चरणाऱ्या लहान कळपाला एक-दोन भटक्या कुत्र्यांपासून वाचवायला ते पुरतं. झुडपात कळप पांगला किंवा पाच-सहा कुत्री एकदम आली की ते एकटं पडतं. बिबट्या तर गाढवालाच मारतो.

घ्यायची ती मादी किंवा खच्ची केलेला नर. पूर्ण नर माजात शेळ्यांना चावतो, करडं तुडवतो. कळपात एकच ठेवा. दोन असली की ती एकमेकांजवळ चरतात आणि कळप राहतो बाजूला. पहिले चार ते सहा आठवडे मध्ये जाळी ठेवून शेजारी बांधा. शेळ्या व्यायच्या दिवसांत वेगळं काढा, कारण नवजात करडू त्याला परकं वाटू शकतं. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर बघावे लागतात. आणि एक गोष्ट जिवावरची: मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं कोंबड्यांचं किंवा शेळ्यांचं खाद्य गाढवाला विष आहे. पिशवीवरचं लेबल वाचल्याशिवाय खुराक उघडा ठेवू नका. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथून घ्या किंवा कुठूनही, ग्लँडर्स या घोड्या-गाढवांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करूनच कळपात सोडा.

राजहंस आणि गिनी कोंबड्या हाकाटी चांगली करतात. त्यापलीकडे अपेक्षा नको.

कुंपण: चेनलिंक की झटका?

काटेरी तारेचा विचार सोडून द्या. शेळी दोन तारांतून निघते आणि जाताना कास फाडून घेते.

चेनलिंक घ्यायची तर पाच फूट उंच, 2 × 2 इंच भोकाची, 10 गेज. सात फुटी सिमेंटचे खांब, दोन फूट जमिनीत, आठ फुटांवर एक. एकराला 105 च्या आसपास लागतात. वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या ताणतारा टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ओढल्या नाहीत तर सहा महिन्यांत जाळी पोट काढते, कारण शेळ्या पुढचे पाय टेकवून तिच्यावर उभ्या राहतात. कुत्री आणि तरस खालून उकरतात, म्हणून बाहेरच्या अंगाला दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरून खालच्या तारेला बांधा आणि वर दगडमाती टाका.

झटका मशीन स्वस्त पडतं, पण रोज लक्ष मागतं. सहा तारा जमिनीपासून 6, 12, 18, 26, 36 आणि 46 इंचांवर. कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला टेस्टरवर 4,000 व्होल्टपेक्षा कमी दिसले तर शेळी जुमानत नाही. तक्रार मशीनची असते असं वाटतं, दोष बहुधा अर्थिंगचा असतो. सहा-सहा फुटी तीन रॉड दहा-दहा फुटांवर ठोका, घराच्या अर्थिंगपासून लांब. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की झटका लागत नाही; तेव्हा दुसरी आणि चौथी तार अर्थला जोडा, म्हणजे दोन तारांना एकदम अंग लागलं तरी झटका बसतो. पावसाळ्यात उलट त्रास: गवत तारेला टेकून करंट जमिनीत मुरतो, दर पंधरा दिवसांनी खालचं गवत काढावंच लागतं. मेंढ्यांची लोकर विजेला अडवते, त्यामुळे मेंढपाळाला हे कुंपण तितकं फळत नाही. मशीन आयएस 302-2-76 मानकाचंच घ्या. घरच्या लाइनची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. जंगलालगतच्या पात्र गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

शेळ्या सटकतात कुठून

कोपऱ्याच्या खांबाचा तिरका टेकू आतल्या अंगाला असेल तर उस्मानाबादी शेळी त्यावरून चढून पलीकडे जाते. टेकू बाहेर घ्या, किंवा आत असेल तर त्यालाही जाळी मारा. गव्हाण, पाण्याची टाकी, दगडांचा ढीग कुंपणापासून सहा फूट लांब. साधी आकडी शेळी ओठांनी उचलते. सरकती कडी बाहेरून लावा आणि साखळी घाला. फाटकाच्या आत आठ फुटांवर दुसरं फाटक दिलं तर चारा आणताना होणारी निम्मी पळापळ थांबते. विकत आणलेल्या शेळ्या 21 दिवस वेगळ्या बंद कप्प्यात ठेवा. रोगाचंही कळतं आणि त्यांना जागेची सवयही होते. संध्याकाळचा खुराक नेहमी गोठ्यातच द्या, म्हणजे अंधारापूर्वी कळप आपणहून परततो.

पैसा कुठे आधी?

बिबट्याच्या पट्ट्यात सगळा आधी गोठ्यात. कुत्रा-गाढव नंतर, किंवा नाहीच. माळावर लांडग्याच्या भागात गोठा, मग कुत्र्यांची जोडी, आणि चरायला माणूस बरोबर. गावालगत बंदिस्त पालन असेल तर गोठा आणि चेनलिंक; गाढव तिथे बांधून ठेवण्यात अर्थ नाही. 20 गुंठ्यांच्या आतल्या फार्मला झटका मशीनपेक्षा चेनलिंकच बरी.

इतकं करूनही हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नका. वन्य प्राण्याने मारलं असेल तर 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा, फोटो काढा, पंचनामा झाल्यावरच पुरा. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा आणि ओढत नेल्याचा माग असेल तर संशय बिबट्यावर. मागचे पाय, शेपटीखालचा भाग, कान फाटलेले आणि एकाच वेळी बऱ्याच शेळ्या जखमी असतील तर बहुधा कुत्री, आणि त्याची भरपाई वनविभाग देत नाही. जखमी शेळीच्या जखमा हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.