केबिन क्रूचं मेडिकल आणि ट्रेनिंग: नोकरी हातात येण्याआधी मी पैसे भरले

मेडिकल रिपोर्टवर माझा रक्तगट चुकलेला होता. मी बी पॉझिटिव्ह आहे. कॉलेजात दोनदा रक्तदान केलंय, त्याचं कार्ड पाकिटात असतं. रिपोर्टवर मात्र ओ पॉझिटिव्ह छापलेलं होतं. मी ते वाचलं, टायपिंगची चूक असेल असं मनाशी म्हटलं आणि कागद फाइलमध्ये लावून टाकला. दंडाला पट्टी बांधून रक्त घेतलं होतं, नळीवर माझं नाव लिहिलं होतं. ते रक्त कुणी तपासलंच नव्हतं, हे कळायला मला पाच महिने लागले.

हे लिहिताना त्रास होतोय. पण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलीने मला अगदी तसाच रिपोर्ट पाठवून विचारलं, "ताई, हे बरोबर आहे ना?" म्हणून सगळं लिहितेय.

सुरुवात केबिन क्रूची (एअर होस्टेसची) नोकरी मिळवून देतो म्हणणाऱ्या एका संस्थेच्या ऑनलाइन फॉर्मपासून झाली. दुसऱ्याच दिवशी त्या संस्थेतून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. "अगं, तुझी उंची, तुझं बोलणं, तू तर सिलेक्ट झाल्यातच जमा आहेस. आधी मेडिकल आणि ट्रेनिंग उरकून घेऊ, मग तुझी फाइल एअरलाइनला पाठवते." सगळी फसवणूक या एका वाक्यात होती, कारण त्यात क्रमच उलटा होता. आधी एअरलाइन मुलाखत घेते आणि निवडते. मेडिकल पास झालात तर नोकरी, अशी अट घातलेलं पत्र देते. मग तपासणी होते, तीही एअरलाइनने किंवा त्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडे. त्यानंतर ट्रेनिंग, परीक्षा आणि शेवटी अनुभवी क्रूच्या देखरेखीखाली काही उड्डाणं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी मुदत ठेव मोडली.

मेडिकलसाठी एका छोट्या खोलीत नेलं. उंची, वजन, ब्लड प्रेशर, भिंतीवरची अक्षरं. डॉक्टर म्हणवणारे गृहस्थ माझ्या मागे उभे राहून काही शब्द कुजबुजले आणि मला ते परत म्हणायला लावले. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. मग त्यांनी चष्मा काढला, कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या कानाचा पडदा बॉर्डरलाइन आहे. उड्डाणासाठी चालणार नाही."

मी रडले. कान ही साधी गोष्ट नाही, एवढं मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. प्रवासी विमानातला हवेचा दाब जमिनीसारखा ठेवलेला नसतो. विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब साधारण ८,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावरच्या दाबापेक्षा कमी होणार नाही असं पाहतात. तेवढ्या उंचीवर शरीरातल्या पोकळ्यांमधली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. विमान उतरताना दाब पुन्हा वाढतो आणि मधल्या कानातून घशाकडे जाणारी बारीक नळी उघडली नाही, तर पडदा आत ओढला जातो. प्रवाशाला हे वर्षातून एखाद-दोनदा सोसावं लागतं, क्रूला एका दिवसात चार-चारदा. म्हणून खऱ्या तपासणीत नाक-कान-घसा बारकाईने पाहतात. डॉक्टर उपकरणाने पडदा बघतात. नाक दाबून हलकी फुंकर मारायला लावतात, म्हणजे पडदा हलतो का ते दिसतं. ऐकण्याची चाचणी बंद, शांत कक्षात यंत्रावर होते. माझ्या कानात कुणी डोकावलंसुद्धा नव्हतं. तरी पडदा बॉर्डरलाइन!

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "घाबरू नकोस, सरांची ओळख आहे, करून घेऊ. थोडे वरचे लागतील." दिले. हे पैसे माझ्या आईचे होते.

नंतर मी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दोन्ही कान तपासले, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला. दोन्ही पडदे अगदी निरोगी. ज्या दिवशी कोणी तुम्हाला दोष सांगेल आणि त्याच दिवशी पैसे घेऊन तो दोष कागदावरून काढूनही देईल, त्या दिवशी उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. दोष खरा असेल तर त्यावर उपचार हवेत. खोटा असेल तर पैसे वाचतील.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो दम्याच्या रकान्याचा. लहानपणी मला दमा होता, आठवी-नववीपर्यंत इनहेलर वापरत होते. फॉर्मवर तो प्रश्न आला तेव्हा मी "होय" लिहायला पेन टेकवलं, तर बाईंनी हात धरला. "वेडी आहेस का? नाही लिही. सगळेच नाही लिहितात." मी नाही लिहिलं. खाली सही माझी.

दमा होऊन गेला म्हणून कुणी आपोआप बाद होत नाही. डॉक्टर जुनी औषधं विचारतात, फुफ्फुसांची चाचणी करतात आणि आजची स्थिती पाहून ठरवतात. आकडी येणं, हृदयाचे ठोके, पाठीचा कणा, मधुमेह, मानसिक आजारांची औषधं, सगळ्यांबाबत विचारपूस असते आणि कित्येकदा उत्तर "अमुक अटींवर फिट" असं येतं. लपवलेली गोष्ट मात्र पुढे बाहेर आली तर नोकरी त्या लपवण्यामुळे जाते. आणि नोकरीचं सोडा. धुराने भरलेल्या केबिनमध्ये ज्या व्यक्तीने दुसऱ्यांना बाहेर काढायचं, तिलाच श्वास लागला तर? ती सही करताना हा विचार माझ्या मनात आला नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

पिवळ्या तापाच्या लसीचं कार्डही त्यांनी दिलं. लस न टोचता. वर सांगितलं की दरवर्षी आमच्याकडूनच नवं करून घ्यायचं. ही लस अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध असतं. दरवर्षी नवं करण्याचा प्रश्नच येत नाही. ते खोटं कार्ड घेऊन मी अशा देशात गेले असते जिथे हा ताप आहे, तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

ट्रेनिंग तीन महिन्यांचं. केस बांधणं, मेकअप, चालणं, ट्रे धरणं, हसून बोलणं. शिकवणाऱ्या मुली मनापासून शिकवत होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलाखतीला थोडाफार उपयोग होतोही. सुरक्षेसाठी मात्र एकच दुपार होती. पडद्यावर व्हिडिओ लावला, दिवे बंद केले, मागच्या रांगेतल्या दोघी झोपल्या. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं चिन्ह होतं आणि मेडिकलच्या कागदावर "क्लास वन" असा शिक्का.

दोन्ही गोष्टी तिथे असूच शकत नव्हत्या. ती संघटना १९४४ च्या शिकागो करारातून जन्माला आली, तिचं मुख्यालय मॉन्ट्रियलला आहे. ती देशांसाठी मानकं ठरवते, तुम्हाआम्हाला वैयक्तिक प्रमाणपत्रं वाटत नाही. आणि तिच्या नियमांत क्लास वन हा वर्ग व्यावसायिक वैमानिकांच्या तपासणीचा आहे. "जगभर चालणारं मेडिकल" असं काही नसतं, कारण देशागणिक नियम बदलतात. युरोपीय संघाच्या नियमांत केबिन क्रूची वैद्यकीय तपासणी जास्तीत जास्त ६० महिन्यांच्या अंतराने करावी लागते. अमेरिकेत वैमानिकांसारखं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र केबिन क्रूला लागतच नाही, एअरलाइन आपली तपासणी करते. प्रशिक्षणाचंही तसंच. अमेरिकेत एअरलाइनचं मान्यताप्राप्त ट्रेनिंग पूर्ण झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळतं. युरोपात मान्यता असलेल्या स्वतंत्र संस्थाही शिकवू शकतात, म्हणजे नोकरीआधीचं प्रत्येक ट्रेनिंग खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण मान्यता कुणी दिली हे त्या देशाच्या प्राधिकरणाकडेच विचारायचं. संस्थेच्या भिंतीवरची फ्रेम पाहून समजायचं नाही.

आमच्या एका दुपारच्या जागी खरं काय असतं, ते मला मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीने सांगितलं. ती अकरा वर्षं उडतेय. विमानाच्या दाराची प्रतिकृती असते, प्रत्येक प्रकारच्या विमानाची वेगळी. दार "आर्म" केलेलं, म्हणजे आपत्कालीन वापरासाठी सज्ज ठेवलेलं असताना उघडलं तर घसरगुंडी फुगून बाहेर पडते, म्हणून दार हाताळण्याची पद्धत हाताला सवय होईपर्यंत घोटून घेतात. धुराने भरलेल्या केबिनमध्ये श्वसनाचा मुखवटा घालून आग शोधायची. लिथियम बॅटरी पेटली तर ज्वाळा विझवून थांबायचं नाही, पाणी ओतून ती थंड करत राहायचं, नाहीतर ती पुन्हा पेटते. पोहण्याच्या तलावात लाइफ जॅकेट घालून तराफ्यात चढायचं आणि दुसऱ्याला ओढून घ्यायचं. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायचे, ३० दाबांनंतर २ श्वास, हे पुतळ्यावर घाम फुटेपर्यंत करायचं. परीक्षेत नापास झालं तर घरी. आणि हे एकदा करून भागत नाही, दरवर्षी उजळणी असते. दुसऱ्या एअरलाइनमध्ये गेलात तर त्यांच्या पद्धती नव्याने शिकाव्या लागतात. तिने मला पायाच्या बोटांवर उभं राहून हात वर करायला लावला आणि भिंतीवर खूण केली. बऱ्याच एअरलाइन नुसती उंची बघत नाहीत, हात किती वर पोचतो ते मोजतात, कारण आपत्कालीन साहित्य वरच्या कप्प्यांत असतं. आमच्याकडे हे कुणी मोजलंच नव्हतं.

"नव्वद सेकंद माहीत आहेत का?" तिने विचारलं. मला माहीत नव्हते. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यासाठी निम्मी दारं बंद धरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं. क्रूचं ट्रेनिंग त्या सेकंदांभोवती उभं असतं. मग तिने २ जानेवारी २०२४ ची गोष्ट सांगितली. टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एअरबस ए ३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले सहापैकी पाच जण गेले. प्रवासी विमानात ३७९ माणसं होती. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती, आठ दारांपैकी फक्त तीन वापरण्याजोगी होती. क्रूने मेगाफोनवरून, ओरडून, कुठलं दार उघडायचं आणि कुठलं नाही ते ठरवून सगळ्यांना बाहेर काढलं. ३७९ च्या ३७९.

मी घरी येऊन माझं प्रमाणपत्र पुन्हा पाहिलं. त्यावर "सेफ्टी अँड इमर्जन्सी प्रोसीजर्स: ए ग्रेड" असं लिहिलं होतं.

उघडकीला कसं आलं ते थोडक्यात सांगते. "फाइल पाठवली" या उत्तराला कंटाळून मी स्वतःच एका एअरलाइनच्या खुल्या मुलाखतीला गेले. तिथे ना प्रवेश फी होती, ना मेडिकल मागितलं. टेबलामागच्या बाईंनी माझी फाइल उघडली, कागद चाळले आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "हे आत ठेवा. तुम्हाला कोणी दिलंय हे?" त्याच संध्याकाळी मला "जॉइनिंग लेटर" आलं, त्याच एअरलाइनच्या नावाचं, फुकटच्या ईमेल पत्त्यावरून, युनिफॉर्मची अनामत मागणारं. मी ते एअरलाइनच्या संकेतस्थळावरच्या भरती विभागाला पाठवलं. पत्र त्यांचं नव्हतं.

पैसे परत मागितले तेव्हा आवाज बदलला. "तू मेडिकलमध्ये खोटं लिहिलंस, सही तुझी आहे, आम्हीच तक्रार करू." दम्याचा रकाना त्यासाठीच होता, हे तेव्हा लख्ख कळलं. मी दोन दिवस गप्प बसले. मग बाबा म्हणाले, "खोटं लिहिलंस ते आपणच आधी सांगू." पोलिसांना दिलेल्या तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात ते लिहिलं आहे. सोबत पावत्या, बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदी, फोनवरचे सगळे संदेश, चुकीच्या रक्तगटाचा रिपोर्ट आणि माझं रक्तदानाचं कार्ड. संदेश पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धे पुसले होते, आईकडे पाठवलेले होते म्हणून वाचले.

माझ्या बॅचच्या दोघींनी माझ्यासोबत जबाब दिले. तिसरीला तिच्या रिपोर्टवरचा रक्तगट बघायला सांगितलं, तर तीही ओ पॉझिटिव्ह. तिचा खरा गट ए निगेटिव्ह आहे. पण तिला जॉइनिंगची तारीख मिळालीय, अनामत तिने परवाच भरली, आणि कालपासून ती माझा फोन उचलत नाहीये.