तीन वेळा मोजलेला घोटा: टिळकवाडीतल्या हालचाल तपासणीचा अनुभव

मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात २२ वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर आहे. वय ४६. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि मी अनगोळात घराजवळच्या जिमला जायला लागलो. महिन्याभरात उजवा गुडघा धरला. ड्युटीवर आठ तास उभा राहिलो तरी काही नाही, पण स्क्वॅट मारून उठताना वाटीच्या आतल्या बाजूला कळ यायची.

त्या जिममधल्या पोरानं मला भिंतीसमोर उभं करून मोबाईलवर फोटो काढला. ॲपनं फोटोवर लाल रेघा मारल्या. उजवा खांदा खाली, मान पुढं, कंबर वाकलेली. दोन मिनिटांत निकाल लागला आणि तिसऱ्या मिनिटाला तीन महिन्यांच्या पॅकेजचा दर सांगितला. मी पैसे भरले. दोन महिने रबरी पट्टे ओढून छाती उघडत होतो, पण गुडघा होता तिथंच. त्याहून वाईट म्हणजे आपलं सगळं अंग वाकडं आहे ही धास्ती मनात बसली. दुकानाच्या काचेसमोरून जाताना खांदा सरळ करायला लागलो होतो.

टिळकवाडीत अंगाची हालचाल तपासून व्यायाम देणाऱ्या स्टुडिओचं नाव आमच्या शिफ्टमधल्या एकानं सांगितलं. दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. तपासणीचे १२०० रुपये, त्यात सहा आठवड्यांनी फेरतपासणी धरलेली. रक्कम आमच्यासारख्याला कमी नाही, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

ट्रेनर मॅडम तिशीच्या आहेत. माझ्याशी मराठी, मधेच फोन आला की कन्नड. पहिली वीस मिनिटं अंगाला हातसुद्धा लावला नाही, नुसतं विचारत होत्या. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का, पाय बधिर होतो का, गुडघा सुजतो का, अडकतो का. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही, असं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, लेथवर कसं उभं राहता ते करून दाखवा." मी उभा राहिलो. डावा हात मशीनच्या कॅरेजच्या चाकावर, उजवा क्रॉस स्लाइडच्या मुठीवर, मान डावीकडं खाली, नजर जॉब धरणाऱ्या चकवर, आणि सगळा भार डाव्या पायावर. भार डाव्या पायावर असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जुनी दुखापत विचारली, मी नाही म्हणालो.

नंतर ओळंबा. गवंडी लावतात तसलाच, छतावरून दोरीला वजन. अनवाणी, हाफ पँटवर बाजूनं उभं करून कान, खांदा, खुबा, गुडघा कुठं येतात ते बघितलं. दोरी घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढं धरतात. खांदा आणि मान यांची नोंद त्यांनी केली आणि लगेच म्हणाल्या, यावरून काही ठरवायचं नाही. उजव्या हातानं कामं करणाऱ्या पुष्कळांचा उजवा खांदा थोडा खाली असतो, आणि उभं राहण्याची ठेवण बघून कुठं दुखणार हे सांगता येत नाही.

मला हे फार पटलं. आमच्या ड्रॉइंगवर मापाशेजारी टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, दिलेलं असतं. तो नसेल तर प्रत्येक जॉब रिजेक्ट करता येईल. त्या ॲपला टॉलरन्सच नव्हता.

खरं काम पुढं सुरू झालं. दोन्ही हात डोक्यावर सरळ, पाय खांद्याइतके लांब, आणि पाच वेळा खाली बसायचं. पुढून पाच, बाजूनं पाच, मागून पाच. कसं बसावं हे आधी सांगत नाहीत, कारण शिकवलं की माणूस सांभाळून करतो आणि दोष लपतो. तिसऱ्या वेळेला मॅडम मागून म्हणाल्या, "उजवी टाच उचलालीय बगा." गुडघाही आत येत होता, अंगठ्याच्या पलीकडं.

आता इथंच दुसरा एखादा मांडीचा व्यायाम देऊन मोकळा झाला असता. यांनी माझ्या टाचांखाली दोन लोखंडी प्लेटा सरकवल्या आणि तेच परत करायला लावलं. गुडघा बराच सरळ गेला! आमच्याकडं जॉब लपकतो, म्हणजे फिरताना डुगडुगतो, तेव्हा दोष चकमध्ये आहे, जॉबमध्ये आहे की चक फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये, हे एकेक गोष्ट बदलूनच शोधावं लागतं. माणसाच्या पायावर कुणी तसं करताना मी पहिल्यांदा बघितलं. टाच उचलून दिल्यावर गुडघा सुधारला, म्हणजे घोटा पुढं वाकत नाही. नडगी पुढं जायला वाट नसली की तळपाय आत कलतो आणि त्याच्या मागं गुडघा आत येतो.

मग भिंत. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागं ठेवायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि कुठपर्यंत टेकतो ते टेपनं मोजायचं. डावा ११ सेंटिमीटर, उजवा ६. मी म्हटलं, मॅडम, एका मापावर विश्वास ठेवू नका. त्या हसल्या, कारण तीन वेळा मोजायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. उजवा ६, साडेसहा, ६.

त्या वेळी मला आठवलं. खानापूरला भावकीतल्या लग्नात मांडवाच्या खड्ड्यात उजवा पाय मुरगळला होता. आंबेहळदीचा लेप लावला आणि चौथ्या दिवशी कामावर गेलो. बारा वर्षं झाली असतील. लंगडणं गेलं म्हणजे पाय बरा झाला, असंच मी धरून चाललो होतो.

प्लेटांवरही थोडा गुडघा आत येत होता, म्हणून एका पायावर उभं करून अर्धं बसायला लावलं. उजव्या पायावर असताना डावी कंबर खाली झुकली. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमी पडतो, असं निघालं. बाकाच्या कडेवर उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायचा आणि दुसरी मांडी किती खाली लोंबते ते बघायचं, तीही तपासणी झाली. त्यात माझं काही अडलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. उगाच दोष काढला नाही.

भिंतीवर एक तक्ता आहे, त्यावर माणसाच्या अंगावर फुलीसारख्या दोन रेघा. चेक डॉक्टर व्लादिमीर यांडा यांची मांडणी: एका रेघेवर आखडलेले स्नायू, दुसरीवर ढिले पडलेले. आधीच्या जिममध्ये हाच तक्ता होता आणि येईल त्याच्यावर तो बसवत होते. इथं मॅडमनी माझ्यासाठी त्याच्याकडं बोटसुद्धा दाखवलं नाही, कारण माझी गोष्ट घोट्याची होती.

व्यायाम दिले तीनच. भिंतीशी गुडघा टेकवत घोटा हलवायचा, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, आणि एका पायावर उभं राहायचं. स्क्वॅट बंद करायला लावला नाही. टाचांखाली प्लेट ठेवून, वजन कमी करून चालू ठेवायला सांगितला.

सहा आठवड्यांनी गेलो. पहिल्या वेळी पहिली शिफ्ट संपवून संध्याकाळी गेलो होतो, म्हणून या वेळीही तशाच वेळेला बोलावलं. तीच जागा, तीच टेप, अनवाणी. उजवा साडेआठ, तिन्ही वेळेला. कंबर अजून थोडी झुकते. गुडघ्याची कळ आठवड्यातून एखादवेळी, तीही हलकी. गेल्या रविवारी राजहंसगडावर चढून उतरलो, उतरतानाही काही झालं नाही.

माझं बघून बायकोही गेली. तिचा हात रात्री मुंग्या येऊन बधिर होतो. हे ऐकल्यावर मॅडमनी तपासणी केलीच नाही, पैसेही घेतले नाहीत, आधी डॉक्टरांना दाखवा म्हणून परत पाठवलं. १२०० रुपये सोडून गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसला.

तक्रारीही आहेत. संमतीचा फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये, रिपोर्ट नुसता इंग्रजीत. माझा मुलगा घरी होता म्हणून वाचून सांगितला. येणाऱ्यांत निम्मे मराठी असताना एक मराठी पान छापायला काय हरकत आहे? दुसरं, हालचालीचे व्हिडिओ मॅडमच्या स्वतःच्या फोनवर घेतले जातात. मी सांगितल्यावर समोर काढून टाकले, पण बायकांसाठी तरी वेगळा फोन किंवा कॅमेरा ठेवावा. कपडे बदलायला एकच खोली, आणि संध्याकाळी सहानंतर खाली गाडी लावायला जागा मिळत नाही.

जाणार असाल तर हाफ पँट घरूनच घालून जा, दीड तास हाताशी ठेवा, आणि मुरगळलेलं, पडलेलं, मोडलेलं जुनं सगळं आधीच आठवून जा. पुढची माझी तारीख चैत्रात आहे. उजवा १० वर आला की कळवतो.