हजाराच्या आतला फ्रेंच प्रेस: घ्यावा का? (हो, पण पैसे कॉफीवर घाला)

ऑनलाइन सातआठशे रुपयांना मिळतो ना तो काचेचा ३५० मिलीचा फ्रेंच प्रेस (कॉफी गरम पाण्यात भिजवून जाळीने गाळायचं भांडं), त्याबद्दल लिहितेय. ब्रँडचं नाव देत नाही कारण या किमतीतले सगळे जवळपास सारखेच असतात, काचेचं भांडं, स्टीलचा दांडा, खाली जाळी, बस. याचं पेटंट मिलानच्या लोकांनी १९२९ साली घेतलं आणि तेव्हापासून मूळ रचना फार काही बदललेली नाहीये, त्यामुळे तीनचार हजारांचा घेतला म्हणून कॉफी चौपट चांगली होत नाही हो. घेताना एकच बघा, जाळीच्या कडेला स्प्रिंगसारखी गोल तार हवी, ती काचेला नीट टेकली की चोथा वर येत नाही.

वाचलेले पैसे कॉफीत घाला. आणि प्लीज चिकोरीवाली फिल्टर पावडर यात टाकू नका, ती बारीक दळलेली असते, जाळीतून सगळी कपात उतरते, ती साउथ इंडियन फिल्टरमध्येच छान लागते. चिकमगळूर किंवा कूर्गची अरेबिका जातीची कॉफी घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेली. ब्लू टोकाईसारखे रोस्टर (कॉफी भाजून विकणारे) ऑर्डर करतानाच दळण कुठलं हवं ते विचारतात, तिथे फ्रेंच प्रेस निवडायचं. पाव किलोचं पाकीट साधारण पाचशेला धरलं तर एका मोठ्या कपाला १५ ग्रॅम म्हणजे ३० रुपये. पुण्यात कुठल्याही बऱ्या कॅफेत एवढ्यात पाण्याची बाटली येईल फारतर.

घरी दळणार असाल तर जाड रव्यासारखं दळण हवं. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवलं तरी थोडं पीठ होतंच, आणि कप कडू आणि गढूळ होतो तो त्या पिठामुळे. मैद्याच्या चाळणीने ते पीठ काढून टाका, खूप फरक पडतो, खरंच. पुढे जमलं तर हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (पात्याऐवजी दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा) घ्या, महागडा प्रेस घेण्यापेक्षा तो पहिला.

आता कृती. आधी गरम पाण्याने भांडं विसळून घ्या, म्हणजे काचेला एकदम चटका बसत नाही आणि कॉफी पण लवकर गार होत नाही. तीन सपाट मोठे चमचे कॉफी, त्यावर २५० मिली पाणी. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुण्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी तसंही ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं त्यामुळे थर्मामीटर वगैरे काही नको. ४ मिनिटं झाकून ठेवा. मग वर जो चोथ्याचा थर जमतो तो लाकडी चमच्याने हलवून मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि अजून ३-४ मिनिटं गप्प बसायचं. घाई इथेच होते सगळ्यांची! तेवढ्यात चोथा आपोआप तळाशी बसतो. दांडा तळापर्यंत दाबूच नका, जाळी कॉफीत जेमतेम बुडली की थांबायचं आणि हळू ओतायचं. आणि सगळी लगेच ओतून घ्या, भांड्यात राहिली की चोथ्याचा अर्क तिच्यात उतरतच राहतो आणि ती कडू होते.

चव? तीच कॉफी कागदी फिल्टरमधून काढली तर हलकी लागते, इथे जाड आणि भरलेली लागते कारण बियांमधलं तेल कपात येतं. आपल्या दुधाळ कॉफीची सवय असलेल्यांना म्हणूनच हा प्रेस लवकर आवडतो असं माझं मत. दूध घालायचंच असेल तर पाणी १५० मिलीच घ्या आणि वरून गरम दूध. पण त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि स्टीलची जाळी ते अडवत नाही. कोलेस्टेरॉल आधीच जास्त असेल तर रोज चारपाच कप याचे नकोत, कागदी फिल्टर बरा.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो काचेसाठी, पातळ असते आणि स्वस्तातल्या प्रेसची सुटी काच सहसा मिळत नाही. धुताना जाळीचे भाग सुटे करा, नाहीतर आत तेल राहून खवट वास येतो, चोथा सिंकमध्ये नको, कंपोस्टमध्ये टाका.

साइज बघून घ्या हं. एकट्यासाठी ३५० मिली, दोघांना ६०० मिली. लिटरचा घेऊन त्यात एक कप करायला गेलात तर नीट जमत नाही.