भोसरीतील सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणी वर्कशॉप : बेंचवरचे काम चोख, कागद ढिला

वार्षिक शटडाऊनमध्ये आमच्या कारखान्यातील अकरा सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर चढला की आपोआप उघडून तो सोडणारे) उतरवून भोसरी एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपकडे तपासणी, लॅपिंग (सीट आणि डिस्क घासून सपाट करणे) आणि सेटिंगसाठी दिले होते. पुढे तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे नाव लिहीत नाही. मात्र त्यांनी केलेले मूळ काम इतके नीट होते की त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्ह आला की आधी खोलतात, धुतात, सीट (जिच्यावर डिस्क, म्हणजे आतली झडप, बसते ती कड) घासतात आणि सेट करून टॅग लावतात. त्यामुळे तो व्हॉल्व्ह गेले वर्षभर वेळ आली असती तर उडला, म्हणजे दाबाने उघडला असता की नाही, हे कधीच कळत नाही. इथल्या मिस्त्रींनी आमच्या एअर रिसिव्हरचा (कॉम्प्रेसरची दाबाची हवा साठवणाऱ्या टाकीचा) व्हॉल्व्ह फडकेही न लावता बेंचवर चढवला. "साहेब, आधी जसा आलाय तसा उडवून बघू, पुसला की पुरावा गेला," एवढेच ते म्हणाले.

सेट दाब, म्हणजे व्हॉल्व्हने ज्याला उघडायचे तो दाब, १०.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) होता आणि व्हॉल्व्ह उडला ११.४ ला. 'एएसएमई' या अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेप्रमाणे ७० पीएसआयच्या, म्हणजे साधारण ५ किलोच्या वर सेट दाबात ३ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. आमच्यासाठी तो पट्टा १०.२ ते १०.८ असा येतो. रिसिव्हरचा कमाल अनुज्ञेय दाबही १०.५ च आहे आणि त्यावर हा एकच व्हॉल्व्ह असल्याने, तो पूर्ण उघडून हवा सोडत असताना दाब फार तर १० टक्के, म्हणजे ११.५५ पर्यंत चढू शकतो. ज्या व्हॉल्व्हची उघडायला सुरुवातच ११.४ ला होते, त्याच्या हाती पूर्ण उचलायला उरले काय? टाकीची पाण्याची चाचणी १.३ पट दाबाने झालेली असते, पण दाबातली ती राखीव फट आपण खाऊन टाकण्यासाठी ठेवलेली नसते.

दुसऱ्यांदा उडवला तेव्हा तोच व्हॉल्व्ह १०.६ ला उडला. याचा अर्थ स्प्रिंग ठीक होती, डिस्क सीटला चिकटलेली होती. खोलल्यावर कॉम्प्रेसरच्या तेलाचा वाळलेला तपकिरी थर दिसलाच. आधी धुतला असता तर हे निदान हातचे गेले असते. त्या व्हॉल्व्हची तपासणी आता मी दर सहा महिन्यांनी लावली आहे.

गळतीची चाचणीही त्यांनी 'एपीआय ५२७' या व्हॉल्व्हच्या गळतीच्या अमेरिकी मानकाप्रमाणे खरोखर केली, आउटलेटवर ओला कागद धरून "पासिंग (गळती) नाही" असे सांगून मोकळे झाले नाहीत. आउटलेटला ब्लाइंड (बंद झाकण) लावून त्यातून काढलेल्या बारीक नळीचे टोक पाण्याखाली अर्धा इंच ठेवले, दाब सेट दाबाच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ९.४५ वर आणला आणि आउटलेट तीन इंची असल्याने दोन मिनिटे थांबून मगच बुडबुडे मोजायला घेतले. ओरिफिसचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या भोकाचा, आकार अक्षराने सांगतात; 'एफ' आणि त्याहून लहान ओरिफिसला मिनिटाला ४० बुडबुडे चालतात. आमचा 'एच', म्हणजे त्याहून मोठा, म्हणून मर्यादा २०. पहिल्या वेळी ३४ आले. मिस्त्रींनी काही न बोलता व्हॉल्व्ह परत खोलला, डिस्क पुन्हा लॅपिंग प्लेटवर घेतली, आणि दुसऱ्या वेळी बुडबुडे सहावर आले.

बॉयलरवरचे दोन व्हॉल्व्ह मात्र त्यांनी नम्रपणे परत केले. ते बॉयलरच्या कायद्याखाली येतात आणि प्रत्यक्ष वाफेवर, जागेवरच सेट करायला हवेत, हे त्यांचे म्हणणे होते. आलेले काम असे परत करणारा माणूस विरळाच.

आता तक्रारी. साडेतीन किलोच्या एका व्हॉल्व्हसाठी त्यांनी शून्य ते १०० किलोचा गेज लावला होता. त्या दाबाला मुभा जेमतेम २ पीएसआयची, म्हणजे ०.१४ किलोची, त्या गेजवर एवढा फरक काट्याच्या जाडीतच हरवतो. दाबपात्राच्या चाचणीसाठी गेजची मर्यादा शक्यतो दुप्पट, पण दीडपटीहून कमी आणि चौपटीहून जास्त नको, असा संहितेचा नियम आहे. तोच निकष इथे लावायला हवा होता. दाखवून दिल्यावर त्यांनी गेज बदलला, पण ते दाखवावे लागले. परत पाठवताना दोन व्हॉल्व्ह टेम्पोत आडवे टाकले होते, तेही फ्लँजवर झाकण न लावता. सेट केलेला व्हॉल्व्ह उभाच न्यायचा असतो, हे यांना सांगायची वेळ यावी याचे आश्चर्य वाटले.

प्रमाणपत्रावर संहितेचा आठवा (दाबपात्रांचा) विभाग छापलेला होता. दाब सोडणाऱ्या उपकरणांचे नियम २०२१ च्या आवृत्तीपासून तेराव्या विभागात गेले आहेत. कारखाने अधिनियमाच्या कलम ३१ खाली आमची दाबपात्रे तपासायला आलेल्या सक्षम व्यक्तीने (सरकारमान्य तपासनीसाने) नेमके तेवढ्यावर बोट ठेवून उरलेल्या नऊही व्हॉल्व्हची प्रमाणपत्रे परत केली. चार दिवसांत नवी आली, विभाग बरोबर होता; पण 'आल्या अवस्थेतील दाब' हा रकाना नव्या छापील नमुन्यात गळाला होता. ११.४ हा आकडा मी मिस्त्रींकडून हाताने लिहून, सहीनिशी घेतला आहे.