रत्नागिरीच्या लग्नाला जाताना: रेल्वे, एसटी की स्वतःची गाडी, आणि मुक्काम कोठे?

रत्नागिरीतील लग्नाची पत्रिका हाती आली की मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात: जायचे कशाने आणि राहायचे कोठे. बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नावर बराच खल होतो आणि दुसरा यजमानांवर सोपवला जातो. माझ्या मते विचाराची सुरुवात मुहूर्तापासून करावी. मुहूर्त सकाळी दहा-अकराचा असेल, तर आदल्या संध्याकाळी किंवा फार तर त्या दिवशी पहाटे रत्नागिरीत असणे आवश्यक ठरते. गोरज मुहूर्त असेल, तर त्याच दिवशी मुंबईहून निघूनही लग्न गाठता येते, पण मग रात्रीच्या मुक्कामाची सोय करावीच लागते. आपण जवळच्या नात्यातले असाल, तर पत्रिकेत छापलेली सीमांतपूजनाची किंवा हळदीची वेळ हीच आपली पोहोचण्याची वेळ समजावी.

मुंबईहून: रेल्वे की रस्ता

मुंबई, ठाणे आणि पनवेल येथून येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वे हाच पहिला पर्याय असावा, असे मी ठामपणे सांगेन. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर आहे आणि मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण अनेक वर्षे रखडल्यामुळे हा प्रवास किती तासांत होईल हे निघताना खात्रीने सांगता येत नाही. कशेडीच्या बोगद्यामुळे पोलादपूर-खेड दरम्यानचा घाट सुकर झाला आहे हे खरे. परंतु मे महिन्यात शाळांच्या सुट्ट्या, गावी निघालेले चाकरमानी आणि आंब्याची वाहतूक एकाच रस्त्यावर येतात, तेव्हा मुहूर्ताचा भरवसा त्या रस्त्यावर ठेवणे योग्य नाही.

रेल्वेतही सर्व गाड्या पाहुण्यांच्या सारख्याच उपयोगाच्या नाहीत. सकाळच्या मुहूर्तासाठी रात्रीच्या दोन गाड्या उत्तम आहेत: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रात्री अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या पहाटे रत्नागिरीत सोडते आणि दादरहून मध्यरात्रीनंतर लगेच सुटणारी तुतारी सकाळी. झोप होते, सुट्टीचा दिवस वाया जात नाही आणि गाडीला तास-दीड तास उशीर झाला तरी मुहूर्त चुकत नाही. गोरज मुहूर्तासाठी किंवा आदल्या दिवशीच्या सीमांतपूजनासाठी पहाटे सुटणारी जनशताब्दी किंवा जून २०२३ पासून धावणारी वंदे भारत अधिक सोयीची, कारण दोन्ही गाड्या दुपारपूर्वी पोहोचतात. वंदे भारत मात्र पावसाळी वेळापत्रक सोडल्यास शुक्रवारी धावत नाही, आणि लग्ने शनिवार-रविवारी असल्याने शुक्रवारी निघणारे पाहुणे पुष्कळ असतात, हे ध्यानात ठेवावे. मांडवी एक्सप्रेस दुपारी पोहोचते. लहान मुलांना घेऊन, खिडकीतून कोकण पाहत, घाई न करता येणाऱ्यांनी ती निवडावी.

आरक्षणाची तारीख हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि एप्रिल-मेमध्ये कोकणकन्येची शयनयान तिकिटे फार वेळ टिकत नाहीत. त्यामुळे तारीख कळताच आरक्षण उघडण्याचा दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवावा आणि तात्काळच्या आशेवर राहू नये. रात्रीच्या गाड्यांत आणखी एक खाचखळगा आहे. तुतारी दादरहून सुटते तेव्हा तारीख बदललेली असते, आणि कोकणकन्येत पनवेलहून चढणाऱ्यालाही मध्यरात्र उलटून गेल्यावरच चढायचे असते. रविवारच्या लग्नासाठी शनिवारी रात्री घरातून निघणाऱ्या पाहुण्याच्या तुतारीच्या तिकिटावर रविवारची तारीख असली पाहिजे. शनिवारची असेल, तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल.

एकेरी मार्ग ही कोकण रेल्वेची जुनी अडचण आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, तरी त्यापुढे क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या स्थानकात थांबली की वेळापत्रक सरकते. म्हणून मुहूर्ताच्या तासभर आधी पोहोचणारी गाडी कागदावर कितीही सोयीची दिसली, तरी निवडू नये.

पुण्याहून आणि घाटावरून

पुणेकरांसाठी उत्तर वेगळे आहे. पुण्याहून पनवेलमार्गे रत्नागिरीला जाणारी गाडी रोजची नाही आणि मार्गही लांबचा आहे. कोल्हापूरहून तर कोकणात उतरणारा रेल्वेमार्गच नाही. तेव्हा सातारा-कराडपर्यंत महामार्गाने येऊन पुढे पाटण, कुंभार्ली घाट आणि चिपळूण, किंवा मलकापूर आणि आंबा घाट, यांतून निवड करावी लागते. चिपळूण-संगमेश्वरकडे नातेवाईक असतील आणि वाटेत थांबायचे असेल, तर कुंभार्लीचा मार्ग सोयीचा. कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीकडून येणाऱ्यांना आंबा घाटच जवळचा. कोल्हापूर-रत्नागिरी अंतर सुमारे १३० किलोमीटर असल्याने त्यांनी सकाळच्या मुहूर्तालाही पहाटे निघून यायला हरकत नाही. दोन्ही घाट उजेडी उतरावेत. लग्न आटोपून, जेवून, सायंकाळी थकलेल्या चालकाला घाट चढायला लावण्यापेक्षा एक रात्र राहणे केव्हाही शहाणपणाचे.

एसटीचा विचार शहरी पाहुणे हल्ली करीत नाहीत, आणि ते मला खटकते. राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. याउलट रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. आजी, आई, मावशी आणि दोन मुली असे कुटुंब पुण्याहून निघत असेल, तर भाड्याच्या मोटारीचा आणि एसटीचा खर्च यांत मोठा फरक पडतो. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ असावे. ज्यांना दर दीड-दोन तासांनी उतरावे लागते, किंवा ज्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्या मानत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र मोटारच बरी.

एकाच गावातून तीस-चाळीस माणसे निघणार असतील, तर आगारातून प्रासंगिक करारावर, म्हणजे त्या प्रवासापुरती अख्खी, एसटी घेणे आणि खासगी बस ठरवणे यांची तुलना जरूर करावी. खासगी बसमध्ये आसने आरामाची आणि वेळ आपल्या हाती असते. एसटीच्या चालकाला घाटाची सवय असते आणि आकारणीचे नियम ठरलेले असतात. लग्नसराईत गाड्या अपुऱ्या पडतात, म्हणून आगाराकडे लेखी मागणी लवकर द्यावी.

मुक्काम: कार्यालय, लॉज, नातेवाईक की गणपतीपुळे

कार्यालयातील खोल्या सर्वांत सोयीच्या वाटतात, आणि वराकडच्या जवळच्या माणसांसाठी त्या आहेतही, कारण पहाटेच्या विधींना तेथूनच हजर राहायचे असते. मात्र खोल्या मोजक्या असतात, पुष्कळांना सभागृहात गाद्यांवर झोपावे लागते, आणि सकाळी सहा ते आठ या वेळात स्नानगृहासमोर रांग लागते. तरुणांनी गप्पा मारत ती रात्र आनंदाने काढावी. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला तेथे ठेवू नये. यजमान संकोचाने हे बोलत नाहीत, पाहुणेही संकोचाने मागत नाहीत, आणि वयस्कर मंडळी दुसऱ्या दिवशी मांडवात झोपेने व्याकूळ होऊन बसतात.

शहरातील लॉज किंवा हॉटेल हा बहुसंख्य पाहुण्यांसाठी माझ्या दृष्टीने योग्य पर्याय आहे. खोली पाहताना स्थानकाजवळ की शहरात, हा पहिला निर्णय. रत्नागिरीचे रेल्वे स्थानक शहरापासून काही किलोमीटर वर, कुवारबावच्या बाजूला आहे, तर एसटी स्थानक शहराच्या मध्यात आहे. कार्यालय शहरात असेल तर मुक्कामही शहरातच असावा, कारण स्थानकावर एकदा उतरायचे आणि एकदा चढायचे असते, तर कार्यालयात दिवसातून तीन-चार वेळा ये-जा होते. खोली ठरवताना दूरध्वनीवर काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: हिशेब चोवीस तासांचा आहे की दुपारी बाराला खोली सोडायची, पहाटे पाचला आल्यास खोली मिळेल का, वीज गेल्यास पंखा चालेल असे जनरेटर आहे का, गरम पाणी किती वाजता येते. यांतला पहाटेचा प्रश्न कोकणकन्येने येणाऱ्यांसाठी निर्णायक आहे, कारण खोली दुपारी बाराला मिळणार असेल, तर अंघोळ करून पैठणी नेसायची कोठे, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी आदल्या रात्रीपासूनचे भाडे भरणे महाग वाटले, तरी दोन कुटुंबांनी मिळून एक खोली घेतली की तो खर्च परवडतो.

नातेवाईकांच्या घरी उतरण्यात जिव्हाळा आहे, परंतु लग्नघरी मात्र उतरू नये. त्या घरात त्या दिवसांत कोणालाही श्वास घ्यायला फुरसत नसते.

गणपतीपुळ्याचा पर्याय मुंबईच्या पाहुण्यांना फार मोहवतो, आणि त्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने ते रत्नागिरीपासून सुमारे २५ किलोमीटर आहे. देवस्थानचे भक्तनिवास, पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि गावातील घरगुती मुक्काम अशी विविध सोय तेथे आहे. पण स्वतःचे वाहन नसेल, तर लग्नाच्या सकाळी रेशमी वस्त्रांत मुलाबाळांसह तेथून वेळेवर पोहोचणे त्रासाचे ठरते आणि रात्री परतताना रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागते. म्हणून लग्नाची रात्र शहरात काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन दिवसांची रजा असेल तरच, गणपतीपुळ्याला मुक्काम हलवावा. मे महिन्यातील शनिवार-रविवारी तेथेही आरक्षणाशिवाय जाऊ नये.

परतीचे तिकीट जातानाच्या तिकिटाइतक्याच तातडीने काढावे. रविवारच्या लग्नानंतर मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांवर साऱ्या वऱ्हाडाचा भार एकदम येतो. सोमवारी दुपारच्या मांडवीने किंवा संध्याकाळच्या जनशताब्दीने परतण्याची मुभा असेल, तर जागा मिळण्याची शक्यता वाढते आणि सोमवारची सकाळही हाती राहते.