निवडणूक पद्धत बदलायची समिती: नेते आत की बाहेर? न्यूझीलंड, ब्रिटिश कोलंबिया, आयर्लंड

आमच्या सोसायटीत पार्किंगचे नियम नव्याने करायला समिती नेमली आणि तिच्यात नेमके दोन-दोन गाड्यावालेच बसले, पुढे काय झालं ते सांगायला नको. मतदानाची पद्धत बदलायची का हे खासदारांनाच विचारायचं म्हणजे तसंच, ज्या शिडीने वर चढले तीच शिडी ते कशाला तपासतील. म्हणून नेत्यांना समितीबाहेर ठेवा म्हटलं की आपण लगेच हो म्हणतो. मी पण म्हणायचो, आताही बऱ्यापैकी म्हणतो, पण एक मोठा 'पण' आहे. तुम्ही या वादात बाजू घ्यायच्या विचारात असाल तर तीन ठिकाणचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून बघा.

आधी न्यूझीलंड. १९७८ आणि १९८१ ला तिथे लेबर पक्षाला मतं जास्त पडली आणि सत्ता नॅशनल पक्षाला मिळाली, आणि १९८१ ला सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला साधारण २० टक्के मतं मिळून जागा किती, तर २. मग लेबर सत्तेत आल्यावर १९८५ ला रॉयल कमिशन नेमलं, फक्त पाच जण, अध्यक्ष न्यायाधीश जॉन वॉलेस, बाकी संख्याशास्त्र, कायदा, राज्यशास्त्र वगैरेतले लोक, खासदार एकही नाही. १९८६ ला त्यांनी सरळ सांगितलं की पद्धत बदला, एक मत उमेदवाराला आणि एक पक्षाला, आणि एकूण जागा पक्षाच्या मतांच्या प्रमाणात. स्वतःची सीट धोक्यात असलेल्या माणसाने हे लिहिलं असतं असं मला तरी वाटत नाही.

पण अहवाल आला आणि पडून राहिला. खासदारांच्या समितीने तर तो नाकारलाच. गाडी पुढे गेली ती गंमतच आहे, १९८७ च्या प्रचारात पंतप्रधान डेव्हिड लाँगी टीव्हीवर सार्वमताचं आश्वासन देऊन बसले, कागद वाचताना गफलत झाली म्हणे. लेबरने ते पाळलं नाही, मग विरोधकांनी तोच मुद्दा उचलला आणि निवडून आल्यावर त्यांना तो गळ्यात घेऊन फिरावं लागलं. १९९२ आणि १९९३ अशी दोन सार्वमतं झाली, दुसऱ्यात साधारण ५४ टक्के लोक नव्या पद्धतीच्या बाजूने. आता खरी मेख बघा. कमिशनने म्हटलं होतं की पक्षाला ४ टक्के मतं मिळाली की जागा द्या, संसदेने केले ५. २०१२ च्या आढाव्यात परत ४ सुचवले, नेते नसलेल्या २०२३ च्या आढाव्यात ३.५ सुचवले, आणि २०२३ ची निवडणूक झाली ती ५ वरच.

ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे कॅनडातला व्हॅंकुव्हरवाला प्रांत, यांनी तर तज्ज्ञ पण नकोत म्हटलं. २००४ ला प्रत्येक मतदारसंघातून चिठ्ठी काढून एक बाई एक पुरुष, ७९ मतदारसंघांचे १५८, वर दोन आदिवासी सदस्य, असे १६० सामान्य लोक आणि वर एक अध्यक्ष, लोकप्रतिनिधींना पूर्ण बंदी. वर्षभर शनिवार-रविवार बसून अभ्यास, गावोगाव सुनावण्या, दिवसाला १५० डॉलर मानधन. शेवटी १४६ विरुद्ध ७ असा कौल पसंतीक्रमाच्या पद्धतीला, आपल्याकडे राज्यसभेला आणि विधान परिषदेला १, २, ३ लिहितात ना साधारण तशी. मला तिघांतली हीच सगळ्यात आवडते, १५० च्या वर अनोळखी लोक एकत्र बसून इतकं किचकट गणित शिकतात आणि जवळजवळ एकमताने ठरवतात, आमच्या सोसायटीत रंग कुठला द्यायचा ते ठरत नाही.

मे २००५ ला सार्वमत झालं. बाजूने ५७.६९ टक्के, ७९ पैकी ७७ मतदारसंघांत बहुमत, आणि तरी हरले, कारण सरकारने आधीच अट घातली होती ६० टक्क्यांची. समितीत एकही नेता नव्हता, पण पासिंगचे मार्क नेत्यांनी ठरवले. २००९ ला परत घेतलं तर ३९ टक्क्यांवर आलं, तोवर हवाच गेली होती.

आयर्लंडने मधला मार्ग काढला, २०१२ च्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे राज्यघटनेत काय बदलायचं ते सुचवणाऱ्या सभेत, ६६ नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. फायदा असा की अहवाल संसदेत परका वाटत नाही, आत बसलेलेच तिथे बोलायला असतात, समलिंगी विवाहाचा प्रश्न २०१५ ला सार्वमतात गेला आणि पास झाला तो असाच. पण निवडणूक पद्धतीत मूळ ढाचा आहे तोच ठेवा असं ठरलं, त्यांच्याकडे आधीपासून पसंतीक्रम आहे म्हणून असेल, सगळं खापर नेत्यांवर फोडणार नाही. २०१६ ला पुढची सभा भरवली ती ९९ नागरिक आणि एक न्यायाधीश अशी, नेते बाहेर.

आणि 'नेतेच असले तर निदान अंमल तरी होईल' असं कोणी म्हणालं तर कॅनडाचं केंद्र बघा, २०१६ ला खासदारांचीच समिती, अहवाल डिसेंबरात, फेब्रुवारी २०१७ ला सरकारने विषयच गुंडाळला.

आपल्याकडे विषय पद्धतीचा नव्हता, निवडणूक आयुक्त कोण निवडणार याचा होता, पण शेवटचा शब्द नेत्यांचाच. १९७५ साली जयप्रकाशांच्या संघटनेने नेमलेल्या तारकुंडे समितीने (तारकुंडे आपले सासवडचे) सुचवलं होतं की निवडणूक आयुक्त पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांनी मिळून निवडावा. मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कायदा होईपर्यंत हेच तिघं ठरवले, डिसेंबरात संसदेने कायदा केला त्यात सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला.

तर मला विचाराल तर झुकतं माप चिठ्ठीवाल्या मॉडेलला, वेळ नि पैसा कमी असेल तर न्यूझीलंडसारखे पाच जण चालतील, आयर्लंडवालं तेव्हाच जेव्हा संसदेत विषय घेऊन जायला दुसरं कोणीच नसेल. पण कुठलंही निवडा, समिती जाहीर झाली की सदस्यांची यादी नंतर वाचा, आधी हे शोधा की अहवाल आल्यावर सार्वमत किती महिन्यांत, किती टक्क्यांवर, आणि ते टक्के कोणी लिहिले.