ड्यू डेट सांगणारं अॅप: पूर्ण गरोदरपणभर वापरून

पाचपैकी तीन तारे. दोन का कापले ते सविस्तर लिहिते, कारण पाळी लांबणाऱ्या बायकांना हे आधी कुणी सांगत नाही. अॅपचं नाव लिहीत नाही. मैत्रिणींच्या फोनमधली फुकटातली अॅप्सही याच छापाची निघाली.

शेवटच्या पाळीची तारीख मला पक्की आठवत होती, १२ मे २०२४. पंचवटीत माहेरी अक्षय्य तृतीयेचा आमरस झाला आणि दोन दिवसांनी पाळी आली. अॅपनं क्षणात १६ फेब्रुवारी २०२५ काढून दिली, म्हणजे सरळ २८० दिवस. मिस्टरांनी कालनिर्णयवर नऊ महिने आणि सात दिवस मोजले (डॉक्टर बोटांवर करतात तो नेगेलेचा नियम), तर १९ आली. महिने कधी ३०चे, कधी ३१चे, त्यामुळे एवढा फरक पडतोच. सासूबाई तिथीवाल्या. वैशाख शुद्ध पंचमीपासून नऊ महिने म्हणजे वसंत पंचमी, वर नऊ दिवस. माघी पौर्णिमेच्या आत बाळ हातात हवं! तिथीचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून त्यांची तारीख सगळ्यांच्या आधी. दिरांनी मात्र १९ला शिवजयंती बघून नावसुद्धा ठरवून टाकलं.

माझी पाळी येते पस्तीस-छत्तीस दिवसांनी. २८० दिवसांच्या हिशेबात चक्र २८ दिवसांचं आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं धरलेलं असतं. माझ्यासारखीचं ते आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणजे गर्भही तेवढाच लहान. अॅपनं चक्र किती दिवसांचं हे विचारलंच नाही. तो रकाना आहे, पण सेटिंग्जच्या पार तळाशी, जाहिरातींच्या खाली. पहिला तारा इथे गेला.

तारीख खरी पक्की झाली ऑगस्टमधल्या एनटी स्कॅनला (तिसरा महिना संपताना करतात ती सोनोग्राफी). पाळीप्रमाणे १३ आठवडे १ दिवस व्हायला हवे होते, बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी सांगत होती बरोबर १२ आठवडे. मॅडमनी फाइलवरची तारीख खोडली, २४ फेब्रुवारी लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाल्या, "पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं साधारण सारखीच वाढतात. आता आठवड्याहून जास्त फरक दिसतोय, म्हणून स्कॅनची तारीख धरायची. पुढच्या सोनोग्राफीत काहीही छापून येऊ दे, ही बदलायची नाही."

आणि छापून आलंच. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर ५ मार्च! बाळ बारीक आहे का म्हणून नणंदेनं फोनवरून घर डोक्यावर घेतलं. शेवटच्या तिमाहीत मापांवरून काढलेली तारीख तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. तेव्हाचा स्कॅन बाळाची वाढ बघायला असतो.

सातपूरच्या कंपनीत रजेच्या अर्जाला २४ तारखेचंच सर्टिफिकेट जोडलं. पहिल्या बाळंतपणाला २६ आठवडे मिळतात, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. अॅपच्या तारखेवर गेले असते, तर आठवडाभर आधीच घरी बसले असते आणि बाळ झाल्यावरचा तेवढा काळ हातचा गेला असता.

दुसरा तारा कापला तो डॉक्टरांची तारीख टाकायची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना ठेवली म्हणून. १६ फेब्रुवारीला सकाळी सकाळी स्क्रीनवर रंगीत कागद उडाले, "आज बाळाचा दिवस!" दुसऱ्या दिवसापासून रोज "तारीख उलटली, डॉक्टरांशी बोला". मला तेव्हा कुठे ३९ आठवडे भरत होते. मिस्टरांच्या फोनवरही तेच जात होतं, तिथून ते फॅमिली ग्रुपवर, आणि मग "काही झालं का गं?" सुरू. असल्या घाईत कुणी कळा आणायचं इंजेक्शन मागायला गेलं तर?

चांगलं काय, तर हालचाली मोजायचं बटण. रात्री डाव्या कुशीवर पडून एका अंगठ्यानं दाबता येतं, आणि तपासणीला मॅडमही ती नोंद बघायच्या.

ठरल्या दिवशीच येणारी बाळं शंभरात चार-पाच, त्यामुळे २४च्या पुढचे-मागचे दिवस गृहीत धरूनच तयारी केली. २६ला महाशिवरात्र, म्हणजे त्र्यंबक रोडला पाय ठेवायला जागा नाही आणि माहेरी कपालेश्वरची रांग दारापर्यंत. म्हणून बॅग घेऊन आधीच कॉलेज रोडला मावशीकडे गेलो. २७ला पहाटे मुलगी झाली. दीड महिन्याच्या लसीची आठवण अॅपनं जन्मतारखेवरून बरोबर दिली, तेवढ्यासाठी अजून ठेवलंय.